हिवाळ्यातली मादी

संस्थेत कुणाचा शोधनिबंध बाईंकडे तपासणीला गेला, की बाकीचे लोक काही दिवस त्याच्याशी हळू आवाजात बोलत. माघारी सगळे बाईंना 'विहीर' म्हणत. आत गेलेली वस्तू वर येत नाही म्हणून. हे टोपणनाव बाईंच्या कानावर आलं होतं. राग वगैरे आला नाही. या लोकांना एवढं तरी सुचतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

बाईंचं काम झाडांवर राहणाऱ्या कोळीकिडीचं. ही कीड कोळ्याच्या नात्यातली, पण नातं लांबच्या चुलत घराण्यासारखं. आहे म्हणायचं, येणंजाणं काही नाही. त्यातही बाईंच्या वाट्याला आलेली कीड अगदीच फाटकी. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. मायक्रोस्कोपखाली धरली तर सोललेलं गाजर सरपटत चाललंय असं वाटतं. पाय म्हणाल तर पुढच्या टोकाला दोन जोड्या, बाकीचं सगळं अंग मागे ओढत न्यायचं. अशा जिवाची नवी प्रजाती सापडली की तिच्या अंगावरचा केस न् केस मोजायचा, चित्र काढायचं, लॅटिनमध्ये नाव द्यायचं, आणि ज्या किड्यावरून हे सगळं लिहिलं तो किडा काचपट्टीवर डिंकाच्या द्रावणात कायमचा बंद करायचा. तो मूळ नमुना. पुढे कधी वाद निघाला तर त्या काचपट्टीला विचारायचं. आणि एकाच किड्याला दोघांनी दोन नावं दिलीत असं निघालं, तर ज्याचं आधी छापलं त्याचं राहतं. दुसऱ्याचं बुडतं.

बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची बुडवली. बुडवण्यासारखीही होती म्हणा. एकाने काचेखाली चिरडलेल्या किड्याचं 'रुंद अंगाची नवी प्रजाती' म्हणून चार पानी वर्णन केलं होतं. एक जण पिल्लालाच प्रौढ समजून नाव देऊन मोकळा झाला होता. आणि कित्येकांनी एकाच किडीच्या दोन माद्यांच्या दोन प्रजाती करून टाकल्या होत्या. या किडीची खोडच तशी. उन्हाळ्यातली मादी पानांवर राहते, अंडी घालते, तिच्या पाठीवर उभा कणा असतो. पानं गळायची वेळ आली की त्याच घराण्यात दुसरीच मादी जन्माला येते. ती कळीच्या पापुद्र्याआड शिरून थंडी काढते. तिची पाठ गुळगुळीत, पायाची पिसासारखी नखी वेगळी. सख्ख्या आईने ओळखू नये अशी. म्हणून बाईंचा एकच धोशा असे, झाड बारा महिने बघा. पण लोकांना कुठली उसंत! ते सहलीला गेले असताना चार पानं ओरबाडून आणत, तीही जेवणाचा डबा रिकामा झाला की त्यात घालून.

या सगळ्या बेशिस्तीचा मुकुटमणी म्हणजे दुसऱ्या गावातल्या कॉलेजातला एक प्राध्यापक. बाई त्याला 'कारखानदार' म्हणत. विटा पाडाव्यात तशा तो प्रजाती पाडायचा. नावं देताना तर त्याला धरबंधच नव्हता. प्राचार्य झाले, प्राचार्यांच्या मिसेस झाल्या, परिषदेचं उद्घाटन करायला आलेला मंत्री झाला, शेवटी स्वतःचा जावई झाला. किड्याला जावयाचं नाव देणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर हा एकच असेल, असं बाई म्हणत. आणि ज्या अर्थी जावयाने ते हसून घेतलं त्या अर्थी जावईही तसलाच. जावयाची प्रजाती बाईंनी पहिल्याच फटक्यात बुडवली.

खरं तर बाई आणि कारखानदार एकाच सरांच्या हाताखाली शिकलेली. शिक्षण संपता संपता त्याने बाईंना मागणी घातली होती. मामाला घेऊन घरी आला. भेट म्हणून आणली होती एक काचपट्टी, स्वतः बनवलेली, वर सुरेख अक्षरात लेबल. बाईंनी ती खिडकीशी उजेडात धरली. किडा बरा होता, पण कडेला हवेचा बुडबुडा शिरलेला. म्हणजे कडा नीट बंद केली नव्हती. म्हणजे आज ना उद्या आतलं द्रावण वाळणार आणि किड्याचा भुगा होणार.

"ज्याला काचेची कडा बंद करता येत नाही, तो संसार काय करणार?" बाईंनी मामाच्या देखत विचारलं.

मामा ताडकन उठला. भाचा मात्र दारात थांबून म्हणाला, "बुडबुडा मला दिसलाच नव्हता." बाईंना हे उत्तर मूळ गुन्ह्यापेक्षा वाईट वाटलं. पुढे आणखी स्थळं आली, पण प्रत्येकात कुठे ना कुठे बुडबुडा निघालाच. मग स्थळं यायची थांबली आणि बाईंना हायसं वाटलं, असं त्या सांगत.

तेव्हापासून बाई धाकट्या भावाबरोबर राहत. घर आईवडिलांनी दोघांच्या नावे ठेवलेलं. तरी भावजय शेजारीपाजारी 'वन्सं आमच्याकडे असतात' असंच म्हणे. भाऊ टीव्हीसमोर बसलेला असे. त्याच्याबद्दल काही मत बनवावं इतकं त्याने कधी केलंच नाही. भावजय मात्र कसर भरून काढी. नखं रंगवी, आरशापुढून जाताना दर वेळी थांबे, आणि बहिणीला फोनवर 'कुणाला सांगू नकोस हं' म्हणून सांगितलेली गोष्ट अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. बाई तिला मूर्ख समजत आणि तिचं नेलपॉलिश वापरत. काचपट्टीची कडा बंद करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. संस्थेने पुरवलेलं वॉर्निश तर दाराच्या कडीला लावायच्याही लायकीचं नव्हतं. महत्त्वाची काचपट्टी बाई रुमालात गुंडाळून घरी आणत, भावजयीच्या टेबलावरची बाटली उचलत, कडेने ब्रश फिरवत आणि बाटली होती तशी ठेवून देत. आपलं हे कसब कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी त्यांची समजूत होती.

दोघींचं खरं वाजे ते मागच्या अंगणातल्या तुतीवरून. तुतीची फळं वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत आणि चादरींवर जांभळे डाग उठत. मुंग्यांची रांग फांदीवरून दोरीवर आणि दोरीवरून उशांच्या अभ्र्यांत जाई. भावजयीला ते झाड मुळापासून नको होतं.

"त्या झाडाच्या पानाला जरी हात लागला तरी मला कळेल," बाईंनी बजावून ठेवलं होतं.

"पानांनाही कामं आहेत का तुमच्या ऑफिसची?" भावजय विचारी.

होती. एका हिवाळ्यात याच तुतीची कळी सोलताना बाईंना ती दिसली. गुळगुळीत पाठ, नखीच्या काड्या कुठल्याच पुस्तकात नाहीत अशा, आणि शेपटाकडचा केस अंगाच्या मानाने लांबलचक. बाई किती तरी वेळ डोळा न हलवता बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही प्रजाती नव्हती. लोक म्हणत, बाईंना सापडतच नाही. बाई म्हणत, मला तुमच्यासारखी कचऱ्यात सापडत नाही. पण रोज दुसऱ्यांची बुडवायची आणि आपलं म्हणायला एकही नाही, हे त्यांना आतून कुरतडत असे. आता सापडली होती, आणि ती त्यांना हवी होती. आयुष्यात दुसरं काही त्यांनी इतक्या हावरेपणाने मागितलं नव्हतं.

मध्ये एकच काटा होता. त्याच्या थोडंच आधी कारखानदाराने एक आगाऊपणा केला होता. त्याच्या कॉलेजच्या आवारातही तुती होती, आणि तिच्या पानांवरच्या किडीची त्याने नवी प्रजाती केली होती. पाठीवर कणा असलेली. नाव काय द्यावं? बाईंच्या नावाला लॅटिन शेपूट लावून ते दिलं होतं. छापील प्रत पोस्टाने आली, वर 'सादर' असं लिहून. बाईंनी चित्र तेवढं पाहिलं. बटाट्याला मिशा काढल्यात, असं म्हणून त्यांनी ती प्रत खणात टाकली आणि साधी पोचही दिली नाही. प्राचार्य, मंत्री, जावई यांच्या पंगतीत आपल्याला नेऊन बसवलं, हा अपमान त्यांना पुढे कित्येक दिवस जेवताना आठवे.

आपल्या किडीच्या बाबतीत मात्र बाईंनी सगळं शिस्तीत केलं. झाड बारा महिने पाहिलं. उन्हाळ्यात रोज हाताला येणारी पानं उलटीपालटी केली. किडीचा मागमूस नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही. तेव्हा ही प्रजाती पानांवर येतच नाही, कळीतच जगते, असा निष्कर्ष निघाला. राहिली एक गोष्ट. त्याच जातीच्या झाडावर दुसऱ्याने किडीचं वर्णन केलेलं असेल, तर त्याच्याकडून काचपट्ट्या मागवून शेजारी ठेवून पाहायच्या असतात. ही पायरी दुसऱ्या कुणी गाळली असती तर बाईंनी त्याला उभा चिरला असता. पण इथे मागायचं कुणाकडे, तर कारखानदाराकडे. त्याच्यापुढे हात पसरायचा, आणि तोही स्वतःच्याच नावाचा किडा बघायला? बाईंनी निबंधात एक ओळ लिहिली: सदर वर्णन तुलना करण्याच्या योग्यतेचे नाही. ती ओळ लिहिताना त्यांना फार बरं वाटलं.

निबंध छापून आला. बाईंनी नाव दिलं होतं गुळगुळीत पाठीवरून. त्यात कुणाचा जावई नव्हता. संस्थेत छोटा सत्कार झाला. साहेब पुष्पगुच्छ देत म्हणाले, "बाईंनी अखेर नवीन कीटक शोधला!" कोळीकीड म्हणजे कीटक नव्हे, हे खात्याच्या प्रमुखाला ठाऊक नसावं याचं बाईंना आश्चर्य वाटलं नाही. पुष्पगुच्छ मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. कारखानदाराचं अभिनंदनाचं पत्र आलं. तेही खणात गेलं. रोज सकाळी कामाला बसण्याआधी बाई मूळ नमुन्याची काचपट्टी काढून एकदा बघत, मग ठेवून देत. सुख म्हणतात ते त्यांना झालं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्या सगळ्यांवर जास्तच खेकसू लागल्या.

अशाच एका सकाळी त्यांना बुडबुडा दिसला.

लाल कडेला बारीक चीर गेली होती आणि तिथून हवा आत शिरली होती. किड्यापर्यंत पोचली नव्हती, पण वाटेवर होती. बाईंनी काचपट्टी द्रावणात भिजत घातली, किडा सोडवला, नव्याने बसवला. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"हे कसलं नेलपॉलिश आणून ठेवलंयस?"

"कुठलं?" भावजयीने विचारलं.

"टेबलावरचं!"

"ते होय. ते मी लावतच नाही हो, वन्सं. माझं कपाटात असतं. ते स्वस्तातलं तुमच्यासाठी ठेवते."

बाईंनी चपला काढल्या आणि त्या आत गेल्या.

मूळ नमुना वाचला, पण भीती बसली. हाताशी जास्तीचे ताजे नमुने हवेत, असं त्यांनी ठरवलं. थंडी अजून पडायची होती. तुतीची पानं पिवळी होऊ लागली होती. कळ्यांत आत्ताच काही सापडणार नाही हे माहीत असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडाखाली गेल्या आणि सवयीने एक पान उलटून भिंगाखाली धरलं. पान किडीने भरलेलं होतं. दुसरं पाहिलं, तेही. सगळ्यांच्या पाठीवर उभा कणा. मिशा काढलेले बटाटे, ओळीने.

बाई तशाच स्वयंपाकघरात गेल्या.

"या झाडावर तू काही मारत होतीस का?"

"या वर्षी कुठली! मी होते का इथे? लेकीचं बाळंतपण करून आत्ता तर आलेय," भावजय म्हणाली. "एरवी उन्हाळा लागला की मारते. मुंग्यांचं औषध. तुम्ही ऑफिसला गेलात की स्टुलावर चढायचं, हात पोचेल तेवढी पानं भिजवायची आणि तुम्ही यायच्या आत आंघोळ करायची. तुमच्या कळ्यांना हात नाही हो लावला कधी. पानांना तेवढं."

बारा महिने झाड बघायचं, आणि घरातली बाई स्टुलावर चढून काय करते ते मात्र बघायचं नाही! बाईंनी भावजयीकडे पाहिलं. इतकी वर्षं जिला मूर्ख म्हटलं तिच्याकडे पाठ फिरवून त्या पुन्हा झाडाखाली गेल्या आणि पानं तोडून डबीत भरली.

संस्थेत जाऊन त्यांनी पानं मायक्रोस्कोपखाली घेतली. हे काम सुईने होत नाही. सुई म्हणजे त्या जिवाला खांब. आगकाडीच्या टोकाला स्वतःच्या पापणीचा केस चिकटवून बाई किडा उचलत. कणेवाल्यांच्या गर्दीत एक पिल्लू निपचित पडलं होतं. कात टाकण्याच्या बेतात होतं. जुनी कातडी अंगावरून सुटलेली, आणि तिच्या आतून नवी मादी स्पष्ट दिसत होती. अंगरख्याच्या आत दुसरं माणूस उभं असावं तशी. तिची पाठ गुळगुळीत होती. नखीच्या काड्या बाईंच्या पाठ होत्या.

तीच होती. त्यांची होती. कारखानदाराच्या उन्हाळी मादीच्या घरात जन्मलेली हिवाळ्यातली मादी. वेगळी प्रजाती नव्हतीच.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बोटाचं टोक टेकवलं असतं तरी काम झालं असतं. कोण बघणार होतं? तुतीच्या पिवळ्या पानाखाली काय चाललंय याची चौकशी करणारा माणूस जगात एकच होता, आणि तो खुर्चीवर बसलेला होता. बाईंचं बोट खरंच पुढे गेलं. मग मागे आलं. त्यात सत्यनिष्ठा वगैरे काही नव्हती. इतका सुरेख नमुना चिरडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते त्या जन्मभर छापून देत आल्या होत्या, आणि ते सगळे शब्द त्यांना तोंडपाठ होते.

तरी एका पिल्लावरून निकाल लावायचा नसतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हिवाळाभर त्या थांबल्या. पालवी फुटायच्या वेळी कळ्यांमधल्या गुळगुळीत माद्या काढल्या, एका स्वच्छ धुतलेल्या, काचेच्या बरणीत वेगळ्या वाढवलेल्या तुतीच्या रोपावर सोडल्या, आणि बरणीचं तोंड घट्ट बांधलं. वेगळी प्रजाती असेल तर पोरंही गुळगुळीत निपजतील. बाईंनी कधी कुणाला नमस्कार केला नव्हता, त्या दिवसांत त्या बरणीपुढे उभं राहून पुटपुटत, "निघू देऊ नकोस." काय निघू नये ते बोलायचीही गरज नव्हती.

पोरं निघाली. एकूण एक कणेवाली.

तेव्हा कुठे बाईंनी खणातली ती छापील प्रत काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. चूक काढायच्या तयारीने पेन्सिल हातात घेऊन बसल्या. केसांच्या जागा बरोबर होत्या. लांबी बरोबर. चित्र ओबडधोबड, पण त्यात एकही केस कमी नव्हता की जास्त नव्हता. कारखानदाराने आयुष्यात एकदाच काम धड केलं होतं आणि नेमकं ते हे. बाईंना इतका संताप आला की पेन्सिल मोडली. मग शेवटच्या पानावर एक चूक सापडली. किडीचा वंशच, म्हणजे लॅटिन नावातला पहिला, घराण्याचा शब्दच, चुकीचा लावला होता. पोटाखालच्या झाकणावरच्या रेघा त्याने पाहिल्याच नव्हत्या. बाईंच्या जिवात जरा जीव आला.

दुपारी त्यांनी फोन लावला.

"कोण, बाई?" पलीकडचा आवाज म्हातारा झाला होता. "अहो, तुम्ही! बसा, म्हणजे मीच बसतो."

बाईंनी नमस्कार-चमत्कार न करता सगळं सांगितलं. झाड, औषध, कात, बरणी. पलीकडे तो चक्क हसला.

"म्हणजे इतकी वर्षं आपण दोघं एकाच किड्याच्या मागे होतो की!"

"हसण्यासारखं यात काय आहे?"

"काही नाही. मी काय म्हणतो, राहू द्या ना दोन्ही. कोण बघायला येतंय? तुमचीही राहील, माझीही राहील. तुमची एकच आहे. मला काय, ढीग आहे."

जन्मभर ज्या गोष्टीची शिसारी आली ती गोष्ट फोनमधून इतक्या आपुलकीने आलेली पाहून बाई भडकल्या. तीस-पस्तीस वर्षं जपलेलं 'तुम्ही' तोंडातून निसटलं.

"तुला अजूनही काही कळत नाही! तुझी आधीची आहे. माझी बुडणार. नियम आहे तो, वाण्याकडची उधारी नव्हे, राहू दे म्हणायला."

"कळतं गं," तो म्हणाला. "तू बुडवणार हे मला फोन वाजला तेव्हाच कळलं. मी मागत नाहीये, एवढंच सांगायचं होतं."

बाईंनी विचारलंच. "हीच एवढी धड कशी केलीस? बाकी सगळा उकिरडा."

"तुझं नाव द्यायचं होतं ना," तो म्हणाला. "म्हटलं, हिच्यात तरी बुडबुडा नको."

काही तरी लागट बोलायला हवं होतं. नेहमी जिभेच्या टोकाशी असायचं, आज शोधावं लागलं.

"वंश चुकलाय तुझा," त्या शेवटी म्हणाल्या.

"चुकला असेल. तू बदल."

बाईंनी निबंध लिहिला. दीड पानाचा. दुसऱ्यांना बुडवताना जी वाक्यं वापरत तीच वापरली. एकही मऊ केलं नाही. लेखिकेने उपलब्ध नमुन्यांशी तुलना करण्याचे टाळले, असंही लिहिलं, आणि लेखिका म्हणजे स्वतःच असल्यामुळे हे वाक्य आणखी थोडं झोंबरं करून घेतलं. छापून आल्यावर संस्थेत दोन दिवस चहाला विषय मिळाला. "बघितलंत का, विहिरीने आपली बुडवून आपल्याच नावाची वर काढली! अमर व्हायची हौस, दुसरं काय." साहेबांनी वार्षिक अहवालातून नवीन कीटक काढून टाकायला सांगितलं. खुलासा करायचा तर कुणापुढे? केस न मोजणाऱ्या माणसांपुढे? पण एके दिवशी कपाटातून आपल्या प्रजातीच्या काचपट्ट्या काढून त्यांची जुनी लेबलं खरवडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते द्रावणाच्या वाफेने आलं असं मानायला त्यांनाच जमलं नाही.

एवढं झालं तरी काम उरलंच होतं. नव्या लेबलाच्या काचपट्टीची कडा बंद करायची होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई ती घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. टेबलावरच्या बाटलीकडे त्यांचा हात गेला, तशी भावजय आत गेली आणि कपाटातली बाटली घेऊन आली.

"ही घ्या. ही तडकत नाही."

बाईंनी बाटली घेतली. आभार मानायची सवय नव्हती, मानले नाहीत. भावजय काचपट्टीवर वाकली आणि लेबलावरची बारीक अक्षरं एकेक करून वाचू लागली.

"वन्सं, हे तर तुमचं नाव."

"हं."

"आणि त्याच्यापुढे हे? हे कुणाचं?"

"ज्याने पहिल्यांदा वर्णन केलं त्याचं. किड्याच्या नावापुढे त्या माणसाचं नाव लिहायचं असतं."

भावजयीने पुन्हा वाचलं आणि तिचे डोळे मोठे झाले. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने ती मामाची गोष्ट सासूकडून इतक्यांदा ऐकली होती की विसरणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे ते बुडबुडेवाले? अगंबाई! लग्नपत्रिकेत छापतात तसंच झालं की हो हे. तुमचं नाव, पुढे त्यांचं."

"कंस दिसत नाहीत का तुला?" बाई कडाडल्या. "त्याचं नाव कंसात आहे. त्याने वंश चुकीचा लावला होता, तो मी बदलला. वंश बदलला की पहिल्याचं नाव कंसात जातं."

"मग एवढं चुकलंय त्यांचं, तर काढूनच टाका ना."

"काढता येत नाही."

"तुम्हालासुद्धा नाही?"

"कुणालाच नाही."

"कधीच?"

बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं. ब्रशला लागलेला जास्तीचा रंग काठाला पुसला, चष्मा वर सरकवला आणि काचपट्टी उजेडाकडे तिरकी धरली. बुडबुडा नव्हता.

"कधीच नाही," त्या म्हणाल्या, आणि चारही बाजूंनी कडा नीट बंद करायला घेतली.